डोरलं निघालं निपाणीला

डोक्याशी चुंबकाचं यंत्र लावायचं तर अंगावर धातू नको, असं बेळगावच्या डॉक्टर क्षमा यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. पिना, कुड्या, जोडवी कमलाआक्कांनी मुकाट काढली. हात अडला तो मंगळसूत्रापाशी. डोरलं गळ्यातच शोभतं, खिशात नव्हे, ही सासूची ताकीद. मग तोड निघाली: तेवढा वेळ ते नवऱ्यानं, पायगोंडाअण्णांनी, आपल्या गळ्यात घालून बाहेर बसायचं, सदऱ्याचं वरचं बटण लावून.

मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जातंतूंच्या आजारानं आक्कांचे पाय जात्याच्या खुंट्यासारखे ताठले होते. काठीशिवाय पाऊल पडत नव्हतं, घरचा उंबरा डोंगर झाला होता. यंत्र सुतारपक्ष्यासारखं टकटकायचं, आणि रोज डॉक्टर विचारायच्या, काही फरक? आक्का खोटं बोलत नसत, न्हाय म्हणायच्या. आज विसावी खेप. आजही फरक नसला तर इथंच थांबायचं ठरलं होतं.

अण्णांना काळजी परतीच्या जागेची. दवाखान्याच्या फाटकासमोर निपाणीची गाडी थांबलेली दिसली. आक्कांना खिडकी मिळावी म्हणून ते सीटवर टॉवेल टाकायला चढले. टॉवेल पडला आणि गाडी हलली.

खोलीबाहेर आलेल्या आक्कांनी ते काचेतून पाहिलं. नवरा चालला होता, त्याचं एवढं नाही. संध्याकाळपर्यंत परत आला असता.

"अवो, माझं डोरलं," म्हणत आक्का निघाल्या. बाकडी मागं पडली, पायरी मागं पडली, अंगण सरलं, फाटक आलं.

गाडीत अण्णांनी कंडक्टरला कन्नडमधून विनवलं. गाडी थांबली. उतरताना बटण तुटलं, आणि काळे मणी सदऱ्यावर लोंबू लागले. सगळ्या खिडक्यांतून माना बाहेर आल्या. आक्कांनी मान वाकवली. अण्णांनी डोरलं त्यांच्या गळ्यात घातलं.

"अक्षता न्हाईत बघा," कंडक्टर म्हणाला. "तिकिटं टाकू का?"

अण्णांचं लक्षच नव्हतं. ते आक्कांच्या रिकाम्या हाताकडं बघत होते. "कमळे, काठी कुठं हाय गं?"

काठी डॉक्टरांच्या हातात होती. त्या धापा टाकत मागून आल्या होत्या. "आता सांगा आक्का, काही फरक?"

आक्कांनी वळून पाहिलं. चाळीसेक पावलांची वाट होती, आणि ती त्यांचीच होती. डोळे भरले. त्यांनी डॉक्टरांना हात जोडले, मग गाडीलाही. औषध कुणाचं लागू पडलं कोण जाणे. तेवढ्यात पाय लटपटले. त्यांनी घाईनं काठी घेतली आणि अण्णांचा दंड धरला. "जाताना फरक हाय, बाई. येताना अजून न्हाय."

"मग येतानाच्या खेपा लिहून देते," डॉक्टर म्हणाल्या.

"आणि मला न्हाईत व्हय हात जोडायचं?" अण्णांनी विचारलं.

"एका हातात काठी, दुसऱ्या हातात तुमी. जोडू कशानं?"

गाडी निघून गेली. खिडकीपाशी जागा धरून टॉवेल एकटाच निपाणीला गेला.