गोजराबाईसाहेबांनी कानात यंत्र घातले त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न असोत, वाचणाराची झोप मोडो अथवा न मोडो, लिहिणाराची लेखणी न अडो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी, धुके डोंगरावरून उतरोन वाड्याचे अंगणात येऊन बसले होते, ते समयींचे हे वर्तमान. राज्य कोणते ते विचारू नये, आम्ही सांगणार नाही. त्या राज्यात गोजराबाईसाहेब गादीवर होत्या. यजमान कैलासवासी जाहल्यावर गादी त्यांजकडे आली, आणि धाकटे दीर सुभानराव यांचे पोटात तेव्हापासून जे दुखू लागले ते राहिलेच नाही. पूर्वी रयत पायी येऊन गाऱ्हाणे सांगे. मग लॅपटॉप आला, आणि रयत घरी बसूनच व्हिडिओ कॉल करू लागली, आणि बाईसाहेब सदरेवर चौरंग मांडून त्यावर लॅपटॉप ठेवोन न्यायास बसू लागल्या. पडद्यावर एकेक मुद्रा धुक्यातून आल्यासारखी उमटे, ओठ आधी हलत आणि शब्द मागाहून येत, आणि सदरेवर टिपण लिहीत बसलेल्या आम्हांस वाटे की आपण झोपेतच आहो. दुपारचे जेवणानंतर कधी खरेच असू.

राज्याचा रिवाज ऐसा की, न्यायास बसते वेळी धन्याचे कान उघडे पाहिजेत. बाईसाहेब कुड्या-बुगड्या उतरोन ठेवीत, पदर कानामागे सारीत, आणि धुळाजी भालदार खड्या आवाजात ललकारी देई, "कान उघडे आहेत!" आणि मग गाऱ्हाणे सुरू होई. न्यायाचे वेळी ज्याने कान झाकिले त्याने रयतेस झिडकारिले, त्याने गादीवरून उतरावे, हा नेम थोरल्या धन्यांनी घालोन दिला होता. नेम चांगलाच. परंतु थोरल्या धन्यांस लॅपटॉप कोठे ठाऊक होता? त्याचा आवाज सदरेच्या दगडी भिंतींवर आपटोन थेट मुदपाकखान्यात जाई, आणि आचारी फोडणी देता देता कोणाची सून का रुसली ते ऐके, आणि संध्याकाळपावेतो ते पाणवठ्यावर पोचे. सुभानराव तर शेजारचे दालनात बारीक कामट्यांच्या चिकाच्या पडद्याआड लोडास टेकून बसत, आणि पान चघळीत सर्व ऐकत. दीर म्हणोन तो त्यांचा हक्कच होता, त्यांस उठ कोण म्हणणार?

ऐशात एके दिवशी येसू कोष्टीण पडद्यावर आली. तिचा नवरा सटवाजी मागावरून उठून बाहेर गेला तो परतलाच नव्हता. बाईसाहेब बोलिल्या, "बोल बाई, नवरा कोणी नेला?" येसू म्हणाली, "कुनी न्हेला त्ये बी ठावं हाय आन् कुठं कोंडलाय त्ये बी ठावं हाय, आईसाहेब. पर न्हाई सांगायची मी. तुमच्या वाड्यात माजा आवाज घुमतोय, मला हितं ऐकू येतंय. ज्यानं न्हेला त्यो तिथंच बसून ऐकत आसंल. आत्ता सांगितलं तर मानूस हलवतील, मग मी कुठं हुडकू?" लिहून दे म्हणावे तर तिला लिहिता येत नव्हते, दुसऱ्याकडून लिहवावे तर भरवसा नव्हता. आणि चिकाच्या पडद्याआड पान चघळणे थांबले, ते आम्ही आमच्या कानांनी ऐकिले. बाईसाहेबांनीही ऐकिले. त्यांनी येसूस परवा याच वेळी यावयास सांगोन दरबार मोडिला.

मग बाबदेवपंत कारभारी यांस एकांती बोलावून बाईसाहेब म्हणाल्या, "पंत, तिचा शब्द माझ्याच कानात पडावा, दुसऱ्या कोणास कळू नये, ऐसे काही यंत्र आणा. पण ते दिसता कामा नये." पंतांनी आधी दार लोटून घेतले. म्हणाले, "बाईसाहेब, दिसले तर गादी गेली समजा. सुभानराव टपून बसले आहेत." बाईसाहेब म्हणाल्या, "म्हणोनच म्हणते, बारीक आणा." आणि मग पंतांनी पेठेतून यंत्रे मागविली, ती दिवाणखान्यात मांडिली, आणि पंतांनी बागेत जाऊन आपल्या लॅपटॉपवरून बोलावे आणि बाईसाहेबांनी येथे ऐकावे, ऐसा क्रम चालला. पहिले यंत्र म्हणजे दोन मोठ्या वाट्या आणि वरून पट्टी. ते घालोन बाईसाहेब आरशासमोर गेल्या आणि स्वतःशीच हसत सुटल्या. दुसऱ्यास तोंडापुढे काडी, ती बोलताना ओठांस लागे. तिसरे गळ्यात घालावयाचे, ते मधेच थरथरे, आणि बाईसाहेब दर वेळी "अगं बाई!" म्हणोन दचकत. चौथे पांढरेशुभ्र, लहान, गोजिरवाणे. परंतु बाईसाहेबांच्या सावळ्या कानात ते अंगणापलीकडून दिसे. त्यात एक गुण मात्र ऐसा होता की, ते घालताच बाहेरचा सर्व गलबला बंद होई. कावळे गप्प, रहाट गप्प, मुदपाकखाना गप्प. बाईसाहेब डोळे मिटोन तशाच बसल्या, आणि धुके खिडकीतून आत येऊन त्यांच्या पायांशी थांबले, आणि बागेतून पंत "ऐकू येते का? बाईसाहेब, ऐकू येते का?" ओरडत राहिले, त्यांस उत्तर मिळेना. मागाहून बाईसाहेब बोलिल्या, "पंत, गादीवर आल्यापासून इतके निवांत कधी वाटले नव्हते हो." हे मागाहून पंतांकडून ऐकोन आम्हांस वाईट वाटले.

पाचवे यंत्र कानाच्या रंगाचे, वाटाण्याएवढे, दोन कानांस दोन, आत घातले की आत गेले. गलबला तेही थांबवी. आणि त्यातून पंतांचा शब्द ऐसा आला की आपल्याच मनात कोणी बोलत आहे. आपला आवाज त्यास पोचतो की नाही तेही बाईसाहेबांनी कुजबुजून पाहिले, पोचला. मान हलविली, वाकल्या, पडले नाही. मग पंतांनी बाजूने पाहिले, मागून पाहिले, समई जवळ आणोन पाहिले, काही दिसेना. "हेच," ऐसे बाईसाहेब म्हणाल्या.

नेमल्या दिवशी दरबार भरला. यंत्र आधीच कानात होते. बाईसाहेबांनी कुड्या उतरविल्या, पदर मागे सारिला, आणि धुळाजीने नित्याप्रमाणे ललकारी दिली, "कान उघडे आहेत!" येसू पडद्यावर आधीच येऊन बसली होती. सदरेत चिडीचूप, तिचे ओठ हलत, शब्द कोणास ऐकू येईना. सुभानरावांनी चिकाचा पडदा सारून डोके बाहेर काढिले. परंतु येसूने तिकडे ललकारी ऐकिली होती आणि तिजला काय कळावे? बाईसाहेबांच्या कानात ती रडू लागली. "आजबी कान उघडंच हायत की, आईसाहेब. समद्यांस्नी ऐकू जातंय. न्हाई सांगायची. मरू द्या मला." बाईसाहेब म्हणाल्या, "तुझा शब्द मजखेरीज कोणी ऐकत नाही." येसू म्हणाली, "आसं समदेच म्हंत्यात." तिचेही काय चुकले? यंत्र इतके चोख निवडिले होते की ज्या बाईसाठी निवडिले तिलाच ते दिसेना! पंत घामाघूम होऊन मानेनेच नको नको म्हणत होते. बाईसाहेब क्षणभर गादीकडे पाहात राहिल्या, आणि गादीवरून हात फिरविला, यजमानांचे जुने उशीस फिरवावा तसा. मग त्यांनी बोटांनी दोन्ही कानांतील यंत्र काढिले, लॅपटॉपसमोर धरिले, येसूस नीट दाखविले, आणि सर्व सदरेदेखत परत कानात घातले. म्हणाल्या, "हे बघ बाई. बुजलेत माझे कान. आता बोल."

मग काय विचारता! सुभानराव उडी मारोन सदरेवर आले आणि गरजू लागले, "वहिनीसाहेब, उतरा! कान बुजले! धुळाजी, पाहिलेस? सर्वांनी पाहिले! उतरा गादीवरून!" त्यांनी हात नाचविले, मांडी थोपटली, थोरल्या धन्यांची शपथ घातली. बाईसाहेबांस त्यातील अक्षरही ऐकू गेले नाही. त्या पडद्याकडे वाकून एकट्या येसूचे ऐकत होत्या, आणि त्यांची मुद्रा इतकी शांत होती की आमची लेखणी थांबली. शेवटी त्या "ऐकले," इतकेच बोलिल्या, आणि पंतांस जवळ बोलावून त्यांचे कानात काही सांगितले, आणि पंत आमच्यासमोरून धोतर सावरीत पळत गेले. सुभानराव गादीचे हर्षात इतके बुडाले होते की पंत कोठे गेले हे त्यांनी पाहिलेच नाही, आणि आपला माणूस धाडावयाचे त्यांस सुचलेच नाही. पंतांनी धाडिलेल्या स्वारांनी सुभानरावांच्या आमराईतील बंद पडलेल्या गुऱ्हाळाचे कुलूप फोडिले, तो आत पालथ्या कढईआड सटवाजी कोष्टी हातपाय बांधलेला पडला होता. मागाची जागा लिहून देईना म्हणोन कोंडिला होता. जिवंत होता. त्याने आधी पाणी मागितले, मग येसू कोठे म्हणोन विचारिले. संध्याकाळी सुभानरावांस त्याच गुऱ्हाळात नेऊन ठेविले.

परंतु नेम तो नेम. बाईसाहेबांनी वाद घातला नाही. कुड्या घातल्या, गादीस नमस्कार केला आणि उतरोन परसदारच्या ओसरीवर जाऊन बसल्या. गादीवर चुलत पुतणे मल्हारजी यांस बसविले, माणूस सालस. दुसरे दिवशी त्यांनी पदर नसल्याने पागोटेच मागे सारिले, धुळाजीने ललकारी दिली, आणि पडद्यावर कोणी धनगरीण आली. तिने मल्हारजींचे दोन्ही कान नीट न्याहाळिले आणि म्हणाली, "कानात घालनाऱ्या बाईसाहेब कुठं हायत? मी त्यांच्याशीच बोलीन." तिच्यामागून कुंभार आला, तोही तेच बोलिला. मग दिवसभर जो आला तो हेच विचारीत गेला. संध्याकाळी मल्हारजींनी आपण होऊन लॅपटॉप बगलेत मारिला आणि परसदारी नेऊन बाईसाहेबांपुढे ओसरीवर ठेविला.

तात्पर्य इतकेच की, गादी गेली आणि राज्य बाईसाहेबांकडे राहिले. त्या ओसरीवर रयत काय सांगते ते आम्हांस ऐकू येत नाही, सबब येथून पुढे लिहिण्यास काही उरले नाही.