मेलचं बिऱ्हाड हलवणारे अण्णा

आमचे अण्णा कॉम्प्युटरवर टॉवेल टाकतात. धूळ बसू नये म्हणून नाही. काम करता करता चुकून कुणाची मेल उघडली, की त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल निघतो आणि सटकन पडद्यावर पडतो. मग अण्णा मान पलीकडे वळवून, चाचपडत, नेमकी कळ दाबून ती मेल बंद करतात. त्यानंतरच टॉवेल पुन्हा खांद्यावर.

मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, यांना काहीतरी होतंय. मी पाणी आणायला धावले. अण्णा म्हणाले, "पाणी कशाला? दुसऱ्याची मेल म्हणजे दुसऱ्याची न्हाणी. दार चुकून उघडलं तर आपण काय करतो? आत जाऊन साबण कुठला हाय बगतो का?"

आता वाचणाऱ्यांना या माणसाचा धंदा सांगायला हवा, कारण तो लवकर कुणाला कळत नाही. नाव व्यंकटेश म्याकल. साखर पेठेत त्यांचं दोन खोल्यांचं दुकान आहे. त्यांच्या वडिलांची हयात मागावर गेली. अण्णा स्वतःशी तेलुगू बोलतात, दारात मराठी, आणि मशीनशी तिसरंच काहीतरी. एखादी कंपनी मेल सांभाळणारा जुना सर्व्हर सोडून नवीन घेते, तेव्हा तिथल्या माणसांच्या वर्षानुवर्षांच्या मेली, फोल्डरसकट, इकडून तिकडे न्याव्या लागतात. ते काम अण्णा करतात. तेसुद्धा चित्रं, बटणं असं काही नाही. काळा पडदा, पांढरी अक्षरं, आणि एक लांबलचक ओळ : कुठल्या घरातून, कुठल्या घरात, कुणाची खोली, किल्ली काय. ती ओळ टाइप करून एंटर मारला, की अक्षरं भराभरा वर सरकायला लागतात. माउस त्यांनी भिंतीवर खिळ्याला टांगून ठेवला आहे, कॅलेंडरच्या शेजारी. "त्याला कळत काय न्हाय, नुसता पळतोय," असं त्यांचं मत.

दुकानावर पाटी आहे, 'म्याकल सुरक्षित स्थलांतर'. त्या पाटीमुळे एकदा एक गृहस्थ टेम्पो ठरवायला आले. कपाट, फ्रिज आणि सासूबाईंची शिवणाची मशीन जुळे सोलापूरला न्यायची होती. अण्णांनी त्यांना बसवलं, चहा पाजला आणि मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर कशी जाते ते काळ्या पडद्यावर करून दाखवलं. गृहस्थ शेवटी म्हणाले, "ते समदं खरं, पण फ्रिज कवा नेताय?" अण्णांनी शेजारच्या गल्लीतून टेम्पो आणून दिला आणि स्वतः मागे फ्रिजला धरून बसून गेले. परत आले ते खुशीत. "आपलंच काम की गं अम्मा. फक्त त्येंच्यात जुनं घर मोकळं करावं लागतंय. आपल्यात न्हाय."

हे त्यांचं सगळ्यात आवडतं वाक्य. 'आपल्यात न्हाय.' अण्णा मेल हलवत नाहीत, उतरवून घेतात. जुन्या घरातली भांडी जुन्या घरात राहतात, नव्या घरात तशीच दुसरी मांडली जातात. दोन्हीकडची भांडी मोजायची. आकडा जुळला, मालकानं नव्या घरात दोन दिवस राहून बघितलं, की मगच जुन्याला निरोप. "मोजायचं, वाचायचं न्हाय. उतरवायचं, हलवायचं न्हाय." हे मी इतक्यांदा ऐकलंय, की माझी लहान पोरगी बाहुलीला झोपवताना तेच म्हणते.

आणि प्रत्येक काम आधी कोरडं. म्हणजे त्या लांबलचक ओळीत एक छोटा शब्द जास्तीचा घालायचा. मग मशीन काही करत नाही, नुसतं सांगतं, की केलं असतं तर काय काय केलं असतं. अण्णांना ही सोय एवढी पटली आहे, की ते ती बाहेरही वापरतात. लग्नाला जायचं असलं, की आदल्या दिवशी रिकाम्या कार्यालयात जाऊन येतात. गाडी उद्याची असली, तर आज स्टेशनवर जाऊन फलाटावर उभे राहतात आणि दुसऱ्याच कुठल्या गाडीला हात करून परत येतात. एकदा न्हाव्याच्या खुर्चीत नुसते बसून, आरशात बघून उठले. न्हावी म्हणाला, "अण्णा, काय झालं?" "काय न्हाय. उद्या येतो."

मी यांच्याकडे कशी आले, तेही सांगते. मी गोंदियाकडची. आठवीनंतर शाळा सुटली, पुढे लग्न झालं, आणि नवऱ्याला इथे गोदामात काम मिळालं म्हणून सोलापूरला आले. आमच्या गावाहून इथे यायचं तर गाडी बदलून दिवस-रात्र जाते. इथलं काहीच मला ओळखीचं नव्हतं. भाकरी कडक, चटणी शेंगांची, आणि बोलणं ऐकलं की वाटायचं सगळे भांडतायत. अण्णांकडे मी झाडू मारायला आणि चहा करायला लागले. मी टेबल पुसताना कीबोर्डला हात लागू नये म्हणून श्वास रोखून पुसायची. एक दिवस अण्णांनी ते पाहिलं.

"भितीस का गं?"

"हो अण्णा. काही पुसलं-बिसलं गेलं तर?"

अण्णा खुर्चीतून उठले. "बस हितं."

मला वाटलं, काम सुटलं. पण त्यांनी मला त्यांच्या खुर्चीत बसवलं. म्हणाले, "माझ्याकडं तीन पोरं आली शिकायला. चांगली शिकलेली, हुशार. तिन्ही धीट. धीट माणूस डिलीट करतोय अम्मा. मला भिणारं माणूस पायजे."

माझ्या आयुष्यात माझ्या भित्रेपणाला कुणी चांगलं म्हटलं, ते पहिल्यांदा. आई म्हणायची, सावलीला भिते. नवरा अजून म्हणतो. अण्णांनी मात्र त्याच्यावर मला नोकरी दिली. इंग्रजी अक्षरं मला येत होती, शब्द येत नव्हते. अण्णांनी एकेक शब्द शिकवला आणि प्रत्येकाची ओळख माणसासारखी करून दिली. हा यजमान, हा पाहुणा, हा वॉचमन. माझ्या बोलण्याची मात्र टिंगल. फोल्डर कुठवर आला विचारलं, की मी म्हणायची, "जाऊन राहिला अण्णा." "म्हंजे गेला का राहिला? येक काय ते सांग की!" आणि हसत सुटायचे.

तर गेल्या वर्षी अण्णांच्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. डॉक्टरांनी शनिवार दिला. आणि त्याच शनिवारी अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्याचं काम होतं. जुनी मेल कंपनी शनिवारी संध्याकाळी सर्व्हर बंद करणार होती. म्हणजे अण्णांचा लाडका नियम, जुनं घर दोन दिवस तसंच ठेवायचा, तोच मोडणार होता. जे उतरवायचं राहील, ते कायमचं गेलं.

मी म्हटलं, "ऑपरेशन पुढे ढकला."

"का?"

"मी एकटी नाही करू शकत. चुकलं तर तुमचं नाव जाईल."

"जाईना. म्हातारं झालंय नाव बी." मग म्हणाले, "मी हितं बसलो, तर तू दर ओळीला माझ्याकडं बगशील. माझी काळजी करू नको, पुण्याहून भाचा यायला लागलाय. आणि ऐक, दिवसभर मला फोन करायचा न्हाय. काम झालं की मगच."

शनिवारी सकाळी कारखान्याचे बिराजदारसाहेब दुकानात येऊन बसले. बिऱ्हाड हलताना घरमालक समोर पाहिजे, हाही अण्णांचाच नियम. साहेब मोठे गप्पिष्ट. मी कोरडी ओळ चालवली तसे खुर्ची पुढे ओढून ओरडले, "अहो बाई, हे काय शिरलंय? आमच्या फोल्डरांची नावं अशी कशी? व्हायरस हाय व्हय?"

पडद्यावर खरंच चिन्हांचा आणि इंग्रजी अक्षरांचा नुसता काला दिसत होता.

"नाही साहेब, ती तुमचीच मराठी नावं आहेत. मशीन आतल्या आत ती अशी लिहितं. नव्या घरी नीट दिसतील."

"नक्की?"

"अण्णांनी सांगितलंय," मी म्हटलं.

मग तो जास्तीचा शब्द काढला आणि खरी ओळ चालवली. एकेक खोली गेली. साहेबांनी दोनदा चहा मागवला, मला एक घोटही उतरला नाही. डबा तसाच होता. दुपार उलटली तेव्हा शेवटची खोली पोचली आणि मी दोन्हीकडचे आकडे लावले.

साहेबांच्या स्वतःच्या खोलीत एक मेल कमी.

मी पुन्हा मोजलं. एक कमीच.

"येकच न्हवं?" बिराजदारसाहेब आळस देत म्हणाले. "द्या सोडून. टॉवेलच्या गठ्ठ्यात येखादा नग कमी आला म्हणून कोण मरतंय व्हय? मी सही करतो, जावा घरी."

माझ्या जागी धीट माणूस असता, तर गेला असता. मला जाववेना. ओळींमध्ये वर जाऊन जाऊन शोधलं, तेव्हा नकार सापडला : ती मेल फार जड होती, नवीन घराच्या दारातून मावत नव्हती. मी नव्या कंपनीला फोन लावला. तिकडचा मुलगा हिंदीत म्हणाला, तक्रार नोंदवा, सोमवारी बघतो. मी म्हटलं, सोमवारी जुनं घर नसेल. तो म्हणाला, मॅडम, एक ही तो मेल है. मी म्हटलं, "भैया, गिनती में एक कम है. मैं अण्णा को क्या बोलूँ?" अण्णा कोण ते त्याला काय माहीत! पण माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, तो म्हणाला, रुकिए. आणि त्यानं तेवढ्यापुरतं दार मोठं करून दिलं.

मी ओळ पुन्हा चालवली. पोचलेल्या मेलींना तिनं हातसुद्धा लावला नाही. फक्त ती एक उचलली आणि हळूहळू नेली. आकडे लावले. जुळले.

"येवढं जड काय हुतं ते बगू तरी," म्हणत साहेबांनी स्वतःच ती मेल उघडली. त्यांच्या मुलीच्या हळदीचा व्हिडिओ. साहेब बनियनवर, तोंडाला हळद फासून, कंबरेवर हात ठेवून नाचत होते. मी खुंटीवरचा टॉवेल ओढला आणि पडद्यावर टाकला.

साहेब आधी पोट धरून हसले. मग त्यांनी स्वतःच टॉवेल बाजूला केला आणि शेवटपर्यंत पाहिलं. पोरगी आता परदेशात असते, म्हणाले. मोबाईल पाण्यात पडला तेव्हा बाकी सगळं गेलं होतं. "मी द्या सोडून म्हणालो, तुमी सोडलं न्हाय," एवढं बोलून ते चपला घालायला लागले.

संध्याकाळी जुना सर्व्हर बंद झाला. मी अण्णांना फोन लावला. उचलला एका बाईंनी.

"तुम्ही म्याकलांची मुलगी का? मी दवाखान्यातून सिस्टर बोलतेय. अहो, काय माणसं तुम्ही! ऑपरेशन दुपारीच झालंय. सोबत कुणी असल्याशिवाय आम्ही सोडत नाही. किती वेळा म्हटलं, घरी फोन लावून देते. तर म्हणे, मुलगी कामात आहे, तिला फोन करायचा नाही."

मी रिक्षा करून धावले. अण्णा बाकावर ताठ बसले होते. एका डोळ्यावर पट्टी, मांडीवर औषधांची पिशवी. आजूबाजूच्या प्रत्येक म्हाताऱ्यापाशी कुणी ना कुणी होतं. माझी चप्पल वाजली तशी त्यांनी मान वर केली.

"जुळलं?"

"जुळलं अण्णा. सगळं."

ते लगेच सिस्टरकडे वळले. "बगा, सांगत हुतो का न्हाय? येकटीनं केलंय. सबंध कारखाना!"

"अण्णा, भाचा कुठाय?"

"कुठला भाचा?" ते पिशवीच्या गाठीशी खेळत बसले. मग हळूच म्हणाले, "बहीणच न्हाय मला, भाचा कुठनं आणू?"

सिस्टरनी थेंब कधी आणि कसे घालायचे ते सांगितलं. घरी कोण घालणार, असं विचारलं. मी म्हटलं, मी घालीन. सिस्टरनी नातं विचारलं, तेही मी सांगितलं, आणि सही केली.

बाहेर रिक्षात बसल्यावर मी रिक्षावाल्याला म्हटलं, "दादा, सावकाश चला. यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय."

अण्णा पुढे वाकले. "माझं राहू दे. आदी कुटं गरम खायला मिळतंय तितं घे बाबा. लेक सकाळपासनं उपाशी हाय."