पाव सुटले कसे?

ट्रे उलटा केला आणि बाराच्या बारा पाव एका दमात फडक्यावर आले. एकाचंही बूड ट्रेला चिकटून राहिलं नाही. नेरच्या महिला बचत गटाच्या बेकरीत असं आजवर झालं नव्हतं. रोज पाव उलथन्यानं खरवडून काढावे लागत, आणि निम्मे बिनबुडाचे निघत.

आज आश्रमशाळेची पहिली मोठी ऑर्डर होती, तीनशे पाव. ती टिकली तर साती जणींना रोजचं काम. नाहीतर पुन्हा कापूस वेचायला. आणि त्या वर्षी कापसाच्या भावाचे असे हाल होते की शेतातला कापूस वेचावा की तिथंच राहू द्यावा, हेच मालकांना कळत नव्हतं. ट्रेला तेल लावून पाव भाजणारी मानीबाई ते पाव घेऊन ऑटोत बसली, तेव्हा गटाची अध्यक्ष सत्यशीला खुशीत म्हणाली, "पाह्यली नव्या तेलाची कमाल!"

नवं तेल म्हणजे अमरावतीहून मुद्दाम आणलेलं, ट्रेला लावायचं, पोटात गेलं तरी चालणारं तेल. ना रंग, ना वास, ना चव. पुढचे ट्रे भरण्याआधी तिनं त्याचा डबा उचलला. डब्याचं सील शाबूत होतं.

शेजारी अगदी तसाच दुसरा डबा होता, पंजाबरावांचा. कापसाची जिनिंग गिरणी बंद पडल्यावर तिथले हे फिटर बेकरीची मशीन सांभाळायला आले, ते जिनातलं मशीन ऑइल सोबत घेऊनच. सत्यशीलानं तो डबा हलवला. अर्धा रिकामा.

"भाऊ, हा अर्धा कसा झाला?"

पंजाबराव छताकडे पाहू लागले. "मशीनीले लागतेच न थोडं."

"पीठ मळाची एक मशीन, अन् आठ दिवसात अर्धा डबा पेली?"

"म्हातारी झाली ते बी, ताई."

"व माय! मानीबाईनं हेच लावलं ट्रेले! पोट्टे खाऊन राह्यले असन! काढा लूना!"

आश्रमशाळेच्या चढावर लूनानं दम सोडला. दोघं उतरून ढकलत पळाली. एरवी बेकरीच्या तीन पायऱ्या चढताना तीनदा थांबणारे पंजाबराव आज पुढं पळत होते, पण ते पाहायला सत्यशीलाला फुरसत नव्हती.

आत पंगत बसली होती.

"थांबा! कोणी खाऊ नका!"

दीडशे घास हवेतच थांबले. पहिल्या रांगेतली खुशी घाबरून म्हणाली, "माहे तर दोन झाले."

अधीक्षक अश्वजित सर धावत आले. पाव कच्चे राहिले, असं सांगून सत्यशीलाला सुटता आलं असतं. तिनं खरं ते सांगितलं. "जयभीम, सर. पावाले मशीनीचं तेल लागलं वाटते. ऑर्डर गेली तरी चालन, पण लेकराइले देऊ नका."

सरांनी पाव नाकाशी नेला. "वास तर येते, बाई. पेटी उघडली तवाच आलता."

सत्यशीला ताटांतले पाव गोळा करू लागली.

मानीबाई उसळीचा डाव हातात घेऊन पुढं आली. "कायची मशीन? म्या घरचं सरकीचं तेल आणलं. त्यात मैदा फेसला अन् ते अर्ध्या कांद्यानं ट्रेले फिरवलं. धिरड्याच्या तव्याले लावतो तसं."

"अन् तो नवा डबा?"

"ना वास, ना चव! असं तेल असते का कुठी? लेकराइच्या पोटात अनोळखी वस्तू कायले घालू? फोडलाच नाही म्या."

सरांनी पुन्हा हुंगलं आणि अर्धा पाव तोंडात टाकला. "कांदाच हाये. खा रे!" मग सत्यशीलाकडे वळून म्हणाले, "सांगाले पळत आल्या न, म्हणून उद्यापासून रोज पाठवा. अन् कांदा सोडू नका."

सत्यशीला तिथंच खाली बसली. आधी मानीबाईच्या पाठीत एक धपाटा घातला, मग तिच्याच पदरानं डोळे पुसले, आणि दोन पाव खाल्ले.

फाटकाबाहेर पंजाबराव उकिडवे बसून लूनाचा प्लग पुसत होते. ते टुणकन उठले, तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला.

"भाऊ, मंग तो अर्धा डबा गेला कुठी?"

पंजाबरावांनी लाजत पायजमा वर केला. दोन्ही गुडघे तुळतुळीत चमकत होते. "पंधरा वर्षं जिनातल्या बेअरिंगा याच तेलानं चूप केल्या, ताई. म्हटलं, आपल्या बी करून पाहाव्या."

"झाल्या?"

"तुमच्या पावावानी सुटतो आता खाटेवरून."

चढावर पळून सत्यशीलाचा उजवा गुडघा केव्हाचा वाजत होता. तिनं मागं पाहिलं. मानीबाई अजून आतच होती.

"मशीनीले आजपासून ते नवं बिनवासाचं तेल घाला," ती हळूच म्हणाली. "अन् तुमचा डबा... माह्या घरी पोचवा."