भाकरीबरोबर ब्लॉग

मल्लूमामा जेवायला बसले की त्यांच्या एका हातात भाकरी असते आणि दुसऱ्या हातात मलई कोफ्ता. कोफ्ता मोबाईलमधला. भाकरी तेवढी खरी, खानावळीची, कडक. सोबत शेंगाचटणी आणि दही. खायला रोज हेच, पण वाचायला रोज नवं. एक ओळ मोठ्यानं वाचायची, "कांदा गुलाबी हुईपर्यंत परता," आणि कडाम्कन भाकरी मोडायची.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना. मामा तिथले जॉबर, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारे. जेवणाच्या सुट्टीत माग थांबतात, पण मामांचा आवाज चालू मागावरचाच राहतो. त्यामुळं आख्ख्या शेडला कोफ्ता ऐकू जातो. मी त्यांची नक्कल करतो, अगदी त्यांच्यासमोर. "आवाज जमला बे, मान कमी हलिव," अशी दुरुस्तीही तेच करतात.

पाककृतींचे ब्लॉग पारखायची त्यांची रीत न्यारी. आधी फोटो मोठा करून मागचा ओटा बघायचा. ओटा चकचकीत दिसला की निकाल लागला. "हे शोरूम हाय. हितं कोन जेवत न्हाई." कढई बाहेरून काळी असली, कोपऱ्यात ओलं फडकं दिसलं, तरच पुढं वाचायचं. 'चवीनुसार मीठ' आलं की भडकणार, चव कुणाची, तिची का माजी? आणि पदार्थ बिघडला तर काय करायचं हे लिहिलेलं असेल तर तो ब्लॉग लई भारी. न बिघडता सैपाक होतो म्हणणारे थापा मारतात, असं त्यांचं मत.

या सगळ्यात पास झाल्या त्या फक्त अकलूजच्या एक ताई. त्यांच्या प्रत्येक पाककृतीखाली मामा काहीतरी खोड काढणार. ताईंनी शेंगाचटणी मिक्सरला लावली तेव्हा तर मामांनी उखळावर निबंधच लिहिला. ताईंचं उत्तर आलं, "काका, आधी एकदा करून बघा, मग बोला." हे बोलणं मामांनी बक्षीस मिळाल्यासारखं सगळ्या शेडला वाचून दाखवलं.

दिवाळीनंतर ताईंचं लिहिणं बंद पडलं. शेवटच्या पाककृतीत, जरा दवाखान्याचं चाललंय, एवढंच एक वाक्य होतं. मामांनी खाली विचारलं, "ताई, बऱ्या हायसा का?" उत्तर नाही. परत विचारलं. नाहीच. मग मामा मोबाईल खिशात ठेवून नुसतीच भाकरी खायला लागले. मी त्यांच्या आवाजात 'चवीनुसार मीठ' करून बघितलं. त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही.

एका रविवारी त्यांचा फोन आला. घरी ये, फोटू चढवायचाय. मामी वारल्यापासून त्या घरात गॅसवर फक्त चहा होतो, असा आमचा समज. बघतो तर ताटलीत शेंगापोळी, ताईंच्याच ब्लॉगवरची. एका बाजूनं फाटलेली, गूळ बाहेर येऊन जळलेला, कडांचा कोळसा. मी म्हटलं, मामा, ही पोळी आहे का मागाचा पार्ट? ते हसले नाहीत. मी शेजारच्या डब्याचं झाकण उघडलं तर आत अजून पोळ्या. गोल, खरपूस, एकही फुटलेली नाही. मग यातल्या एखादीचा फोटो टाकू की, मी म्हटलं.

"चांगलीला कोन बोलतंय बे? छान म्हनून सोडून देत्यात. बिघडलेलं दिसलं की सैपाक करनाऱ्या बाईला ऱ्हावत न्हाई. तुजी मामी अबोला धरायची, तवा मी मुद्दाम दूध उतू घालवायचो. बोलायचीच."

ताईंच्या पाककृतीखाली जळक्या पोळीचा फोटो गेला. चांगल्या पोळ्या मामांनी मला वाढल्या आणि जळकी स्वतः खाल्ली.

पुढं बरेच दिवस काही नाही. मग एकदा जेवताना मोबाईल वाजला. मामांनी वाचलं, पण मोठ्यानं नाही. ओठसुद्धा हलले नाहीत. वाचून झाल्यावर मोबाईल माझ्यापुढं धरला.

"काका, गॅस एवढा मोठा ठेवायला कुणी सांगितलं होतं? डोळे मिटून पोळी भाजता का?"

"लई रागावली," मामा म्हणाले. हातातला घास तसाच राहिला होता. "बरी हाय म्हनायचं."