शेवटच्या जाहिरातीनंतर

वहिनींना जाग आली तेव्हा खिडकीत चांगलं उजाडलं होतं, आणि खुनी कोण हे त्यांना माहीत नव्हतं.

त्या सोफ्यावरच झोपल्या होत्या. अंगावर चादर होती, टीव्ही बंद होता. आदल्या रात्रीच्या मालिकेतलं आठवत होतं ते इतकंच, की बंगल्याच्या मालकाचा कुणीतरी गळा आवळला आहे आणि इन्स्पेक्टर खिडकीकडे पाठ करून म्हणतो आहे, "एक गोष्ट मात्र मला पहिल्यापासून खटकत होती." हे वाक्य आलं की शेवटच्या जाहिराती, आणि जाहिराती संपल्या की कबुली, हे ठरलेलं. पण आठवडाभर एका हॉटेलचे पडदे शिवून वहिनींची पाठ मोडून आली होती. साबणाची जाहिरात लागली, त्यांचा डोळा लागला, आणि तो लागलाच.

मालिकेचा शेवट हुकला तर त्यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल. पण इथे प्रश्न चहाचा होता. भाऊ, म्हणजे वहिनींचे यजमान, रंगाच्या कारखान्यात शेड जुळवायचं काम करत. तिथे सगळे त्यांना भाऊ म्हणत, म्हणून या सगळ्यांच्या वहिनी. माणूस सज्जन, पण तोंडून शब्द काढायचा तर पकड घेऊन बसावं लागे. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली आणि घरात बोलणं म्हणून काही उरलंच नाही. दूध आलं का, बिल भरलं का, संपलं.

मग ही मालिका सुरू झाली. दोघं रोज जेवणानंतर ती बघत. शेवटच्या जाहिराती लागल्या की भाऊंची मान कलायची आणि घोरणं सुरू व्हायचं. सकाळी चहाला ते विचारत, "कोण निघाला?" वहिनी सांगू लागत. भाऊ कप खाली ठेवून मान वर करत आणि म्हणत, "मग?" लग्न झाल्यापासून इतके 'मग?' त्यांच्या वाट्याला कधी आले नव्हते. आयुष्यात कसलाच उलगडा होत नाही. मुलगी फोनवर हल्ली घाईत का असते, तेही कुणी सांगत नाही. मालिकेत मात्र एका तासात सगळं लख्ख होतं, आणि ते लख्ख झालेलं दुसऱ्याला सांगायचा मान वहिनींचा होता.

"कोण निघाला?" भाऊंनी विचारलं.

झोप लागली म्हणून सांगून टाकावं, अगदी जिभेवर आलं होतं. पण भाऊंनी मान वर केली होती. ती वर आलेली मान पुन्हा कपात जाताना बघायची वहिनींची तयारी नव्हती.

"पडदेवाला," त्या म्हणाल्या.

"कोण पडदेवाला?"

"अहो, सुरुवातीला नाही का! इन्स्पेक्टर विचारतोय आणि तो आपला शिडीवर उभा राहून कड्या अडकवत उत्तरं देतोय. दारात पोलीस आला तर माझ्या हातातली कात्री गळून पडेल. या मालिकांत कुणी हातातलं काम म्हणून थांबवत नाही. तिथेच मला शंका आली."

"मग?"

"मग काय, गळा आवळला होता पडद्याच्या दोरीने. इन्स्पेक्टरने गाठ ओळखली. तशी गाठ फक्त पडदेवालाच मारतो."

"पण मारलं कशासाठी?"

"तीनदा उसवायला लावले हो पडदे!" वहिनींचा आवाज चढला. "आधी म्हणे चुण्या फार झाल्या, मग म्हणे कमी पडल्या, मग म्हणे रंगच नको हा. माणसाने सोसायचं तरी किती?"

भाऊ खुर्ची जरा मागे सरकवून बसले. "त्याचं बरोबरच होतं म्हणायचं," ते म्हणाले आणि हसत हसत कामावर गेले. वहिनींना वाटलं, सुटले.

संध्याकाळी भाऊ आले ते बूट न काढता तसेच खुर्चीत बसले.

"आमचा केमिस्ट म्हणतो, खुनी मालकाचा मेहुणा होता."

वहिनींच्या हातातली सुई बोटात गेली. "तुम्ही काय म्हणालात?"

"पडदेवाला म्हटलं. कँटीनमध्ये दोन तट पडले. निम्मे लोक तर मालिका बघतही नाहीत, तेसुद्धा भांडत होते."

"अहो, कशाला उगाच वाद घालायचा?"

"का? तू पाहिलंयस ना?"

"पा... पाहिलंय की."

"मग झालं तर." भाऊंनी बूट काढले. "पैज लागलीये. रविवारी दुपारी तोच भाग परत दाखवतात. तो मी बघायचा आणि सोमवारी सांगायचं. माझ्या शब्दावर सगळ्यांचा विश्वास आहे. हरेल त्याने महिनाभर सगळ्यांचे कप धुवायचे."

म्हणजे स्वतःच्या घरात, स्वतःच्या टीव्हीवर वहिनींचं पितळ उघडं पडणार होतं. आणि एकदा पडलं की पुढे कुठल्याही सकाळी भाऊ 'मग?' म्हणणार नाहीत, 'खरं का?' म्हणतील. वहिनींना ते नुसतं मनात ऐकूनच कसंतरी झालं. त्यांनी मुलीला फोन लावला.

"मेहुणाच गं आई. विम्यासाठी. रडत रडत कबुली दिली की त्याने. तू नाही पाहिलंस?"

"आणि पडदेवाल्याचं काय झालं?"

"कोण पडदेवाला?"

वहिनींनी फोन ठेवला.

मालिकेतले गुन्हेगार कसे सापडतात हे त्यांना पाठ होतं. ते नको तितकी मदत करतात, नको ते प्रश्न विचारतात आणि फिरून फिरून गुन्ह्याच्या जागी येतात. तरी रविवार येईपर्यंत वहिनींनी यातलं एकही करायचं सोडलं नाही. भाऊंच्या सदऱ्यांना न तुटलेली बटणं पुन्हा लावून झाली. "कप धुवायला काय, पाच मिनिटं लागतात, नाही?" असं दोनदा विचारून झालं. आणि दिवसातून कितीदा तरी त्या टीव्हीच्या मागे डोकावून आल्या.

रविवारी टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसू लागल्या. भाऊ टॉर्च घेऊन मागे वाकले.

"केबल निघालीये. आपोआप कशी निघाली?"

"उंदीर असेल."

"स्क्रू फिरवून काढलीये."

वहिनी टीव्हीवरची धूळ पुसू लागल्या. भाऊंनी केबल शांतपणे परत बसवली.

आता एकच आशा होती, भाऊंच्या झोपेची. वहिनींनी त्यांना आग्रह करकरून जेवायला वाढलं. ऊन येतंय म्हणत हॉटेलचा सगळ्यात जाड पडदा खिडकीला लावला. खोलीत मिट्ट काळोख झाला. भाऊंनी पाय लांब करून वाटेतल्या स्टुलावर टाकले. मालिका सुरू झाली. शिडीवरचा पडदेवाला येऊन गेला तेव्हा दोघांपैकी कुणीही दुसऱ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरने प्रेताशेजारी उभं राहून पोळी खाल्ली, हवालदाराने चुकीच्या माणसाला धरलं, आणि शेवटी इन्स्पेक्टर खिडकीकडे पाठ करून म्हणाला, "एक गोष्ट मात्र मला पहिल्यापासून खटकत होती."

जाहिराती लागल्या. भाऊंची मान कलली, घोरणं सुरू झालं. वहिनींच्या जिवात जीव आला.

मेहुण्याने रडत रडत कबुली दिली. पडदेवाला पुन्हा दिसलाच नाही. एवढा कष्टाचा माणूस, पण शेवटी त्याची कुणी आठवणही काढली नाही, याचं वहिनींना उगाच वाईट वाटलं. सोमवारी भाऊ सांगतील, झोप लागली, पैज रद्द होईल, प्रकरण मिटेल. त्या टीव्ही बंद करायला उठल्या. भाऊंनी घोरता घोरता स्टुलावरचे पाय पोटाशी घेतले, वहिनी रोजच्यासारख्या पलीकडे गेल्या, आणि टीव्हीपाशी जाऊन थबकल्या.

त्या परत आल्या. पाय पोटाशी गेले. त्या पुन्हा पलीकडे गेल्या. पुन्हा पाय पोटाशी.

त्यांना सोफ्यावरची ती सकाळ आठवली. अंगावर चादर कुणी घातली? टीव्ही कुणी बंद केला? इतकी वर्षं त्यांनी एकापेक्षा एक बिलंदर खुनी ओळखले होते, आणि घरातला हा असा समोर पाय पसरून बसला होता.

वहिनी खिडकीच्या पडद्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. "अहो, एक गोष्ट मात्र मला खटकतेय."

घोरणं वाढलं.

"झोपलेला माणूस वाट देत नाही."

घोरणं थांबलं. भाऊंनी एक डोळा उघडला.

"कधीपासून?" वहिनींनी विचारलं.

"पहिले काही दिवस खरंच झोप लागायची," भाऊ म्हणाले. कबुली देणारे फार बोलतात, पण भाऊंना तेवढंही जड जात होतं. "मग एकदा सकाळी तू सगळा शेवट सांगितलास. हातवारे करून. मुलगी गेल्यापासून तू इतकं बोलली नव्हतीस. म्हटलं, झोपलेलंच बरं."

वहिनी स्टुलावर बसल्या. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही. काळोखात कोण बघतंय?

"म्हणजे त्या दिवशी मेहुणा निघाला, ते तुम्ही पाहिलं होतं?"

"पाहिलं होतं."

"मग पैज कशाला लावलीत?"

"केमिस्ट म्हणाला, वहिनींना कळलं नसेल." भाऊ चिडून उठून बसले. "तुला कळलं नसेल! आणि खरं सांगू? मेहुणा, विमा, हे रोजचंच. तुझा पडदेवाला जास्त पटला."

सोमवारी भाऊंनी पैज हरल्याचं सांगितलं आणि बाह्या वर करून कप धुवायला घेतले. केमिस्टने फार चिडवलं. भाऊंनी एक अक्षर काढलं नाही, पण तसेही ते कधी काढत नसत.

त्याच रात्री मालिकेत एका जवाहिऱ्याला विष घातलं गेलं. जाहिराती लागल्या. भाऊ घोरले नाहीत. दोघांनी टक्क जागं राहून शेवट पाहिला. खुनी त्याचा भागीदार निघाला, टीव्ही बंद झाला.

सकाळी चहाचे कप टेबलावर आले. भाऊंनी आपला कप बाजूला ठेवला आणि मान वर केली.

"काल कोण निघाला गं? माझा जरा डोळा लागला होता."

वहिनींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग चहावर फुंकर घालून त्या म्हणाल्या, "तुमचा विश्वास नाही बसायचा. इन्स्पेक्टरच!"

"मग?" भाऊ म्हणाले.