डबक्याचं तीर्थ

समुद्रावरून घरी पोहोचताच कॉर्नेलने पिशव्या अंगणातच टाकल्या, शर्ट काढला, उडी मारायच्या पवित्र्यात पूलच्या काठावर गेला आणि तिथेच थिजला. शुक्रवारी निघताना तळाच्या फरशा मोजून घ्याव्यात असं नितळ असलेलं पाणी आता पार ताकासारखं झालं होतं.

"सांडा! अगं लवकर ये! हे पाण्याला काय झालंय बघ!"

सांडा आली, तिने पाण्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "आईने बघितलं का?"

तिचा प्रश्न रास्त होता. घर तिच्या आईचं, म्हणजे मारित्साबाईंचं. अंगणही त्यांचंच. आणि आज जिथे पूल होता तिथे परवापरवापर्यंत त्यांचे टोमॅटोचे वाफे होते. जावयाने गोड बोलून, पाया पडायचंच काय ते बाकी ठेवून ती जागा मिळवली होती. तीही अटीवर. "पाणी स्वच्छ असेपर्यंत तुमचा हौद. डबकं झालं की त्याच दिवशी माती टाकून बुजवायचं आणि माझे टोमॅटो मला परत!" खड्डा कॉर्नेलने स्वतः खणला होता, फरशी न् फरशी स्वतः बसवली होती. त्या घरात आपलं म्हणावं असं त्याचं एवढंच होतं. तो 'स्विमिंग पूल' म्हणे, सासूबाई मात्र पहिल्या दिवसापासून 'डबकं'च म्हणत.

त्यात येत्या रविवारी मारियामातेचा सण, म्हणजे मारियाचंच नाव लावणाऱ्या सासूबाईंचा नावदिवस. सगळं गणगोत जेवायला येणार. त्याच तयारीत कुंपणावर धुतलेले लोकरीचे लाल गालिचे वाळत पडले होते.

सासूबाई बाहेर आल्या. कॉर्नेलने मान खाली घातली.

"असतं असं कधी कधी," त्या म्हणाल्या. "उन्हाळा केवढा आहे." आणि आत निघून गेल्या.

एकसुद्धा टोमणा नाही! बाई मनातल्या मनात टोमॅटोची रोपं मोजतायत, याची कॉर्नेलला खात्रीच पटली.

त्याने आधी क्लोरीन ओतलं. पाणी होतं तसंच. मग आणखी ओतलं. शेजारची मांजर शिंकत पळून गेली, पाणी होतं तसंच. शेवटी त्याने पंप पूर्ण जोरात सोडला आणि इथे मात्र फरक पडला. पाण्यावर फेस आला. आधी बोटभर, मग वीतभर, आणि बघता बघता काठ ओलांडून तो बदकांच्या मागे लागला.

कुंपणावरून शेजारच्या पिंतिलिएचं डोकं वर आलं. पिंतिलिएला विचारलेलं काहीही माहीत नसे आणि न विचारलेलं सगळं माहीत असे.

"काय रे, बिअर गाळतोस का घरी? मला चाखायला तरी बोलवायचंस!"

"थट्टा करू नकोस. जीव जायची वेळ आलीय." कॉर्नेलने पंपाची जाळी उघडली, तर तिच्यात लाल लाल काहीतरी गच्च अडकलेलं. "हे काय आहे बाबा?"

पिंतिलिएने ते चिमटीत धरलं, हुंगलं आणि गंभीर चेहरा केला. "शेवाळं. लाल जातीचं. फार वाईट. माझ्या साडूच्या पूलला झालं होतं."

"मग?"

"मग काय! आता कोबी लावतो तिथे."

शनिवार उजाडेपर्यंत कॉर्नेलची झोप उडाली होती. शेवटी त्याने ठरवलं, पाणी सोडून द्यायचं. नदी आटली होती, विहीर तळाला गेली होती, नवीन पाणी कुठून आणायचं याचा पत्ता नव्हता. पण रिकाम्या पूलला निदान 'दुरुस्ती चालू आहे' असं तरी म्हणता आलं असतं. संध्याकाळी त्याने पाइप गटाराकडे वळवला, आणि तेवढ्यात फाटकातून हाक आली.

"थांबा, जावईबापू! हात लावू नका!"

सासूबाई घाम पुसत येत होत्या आणि त्यांच्यामागे काळ्या झग्यात, हातात क्रूस आणि सब्जाची जुडी घेतलेले पाद्रीबाबा ओनुफ्री.

"आई, अहो, याला पूजा नाही, औषध लागतं!"

"तुमची औषधं बघितली आम्ही. बदकं अजून खुराड्याबाहेर यायला तयार नाहीत."

पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली, क्रूस तीनदा पाण्यात बुडवला, जुडीने चारी बाजूंना शिंतोडे उडवले. एक मोठा शिंतोडा कॉर्नेलच्या डोळ्यात गेला. क्लोरीन चांगलंच मुरलं होतं.

"आता हे तीर्थ झालं," पाद्रीबाबा म्हणाले. "गटारात सोडायचं नाही. पाप लागेल."

"आणि सकाळपर्यंत ढवळायचंही नाही!" सासूबाईंनी पुरवणी जोडली. "ते यंत्र बंद ठेवा. काठाकडे फिरकूसुद्धा नका कोणी."

"असं काही शास्त्रात..." पाद्रीबाबा म्हणू लागले. मारित्साबाईंनी त्यांच्याकडे एकच नजर टाकली. कालच त्या चर्चमध्ये बराच वेळ त्यांच्यापुढे पापांची कबुली देत बसल्या होत्या. पाद्रीबाबांनी दाढी कुरवाळली. "हो, हो. ढवळायचं नाही. अजिबात नाही."

रविवारी सकाळी कॉर्नेल बाहेर आला आणि डोळे चोळत उभाच राहिला. पाणी काचेसारखं झालं होतं! सगळी घाण तळाशी जाऊन बसली होती. त्याने हलक्या हाताने पाइप लावून गाळ ओढून घेतला, आणि पापाच्या भीतीने गटाराऐवजी आलुबुखारच्या झाडाच्या मुळाशी सोडला. त्याला एवढा आनंद झाला, की त्याने झाडाचीच पापी घेतली.

बातमी गावभर झाली. चर्चमधून सुटलेली मंडळी बाटल्या घेऊन थेट अंगणात आली आणि पूलमधून तीर्थ भरून नेऊ लागली. "पिऊ नका, शिंपडा फक्त!" असं ओरडत कॉर्नेल काठावरून धावत होता.

दुपारी झाडाखाली पंगत बसली. बाकांवर लाल गालिचे अंथरले होते. कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्याचं पातेलं फिरलं, आलुबुखारची दारू फिरली, आणि मग आल्या मारित्साबाईंच्या खारवलेल्या काकड्या. ही काकडी म्हणजे गावाचा अभिमान. चावली की आवाज रस्त्यापलीकडे ऐकू जायचा.

सगळ्यांनी एकदम चावा घेतला. आवाजच आला नाही.

"आई," सांडाने घास तसाच तोंडात धरून विचारलं, "काकड्या लिबलिबीत कशा झाल्या? तुरटी नाही घातलीस?"

"संपली."

"संपली? अगं, या मोसमाची म्हणून डबा भरून आणली होतीस ना!"

मारित्साबाई एकदम ताटात बघू लागल्या. पाद्रीबाबांना ठसका लागला. कॉर्नेलने काकडीकडे पाहिलं. काकडीवरून त्याची नजर नितळ पाण्याकडे गेली.

तेवढ्यात पिंतिलिए ओरडला, "कॉर्नेल! पळ! शेवाळं बाकापर्यंत आलं!" त्याच्या चिमटीत लाल तंतूंचा पुंजका होता. गालिच्यातून उपटलेला.

कॉर्नेलला सगळं लख्ख दिसलं. दरवर्षी गालिचे जिथे धुतले जायचे ती आटलेली नदी, रिकामं घर, नावदिवस जवळ आलेला, गालिचे, साबणाची वडी. इतकी वर्षं ऐकलेले टोमणे एका वाक्यात फेडायची संधी चालून आली होती. सगळं गणगोत ऐकायला बसलेलं. त्याने सासूबाईंकडे पाहिलं. त्या पातेल्यात उगाचच डाव फिरवत होत्या. आपला पूल वाचवायला बाईंनी गावातली अब्रू बरणीतून काढून पाण्यात घातली होती.

त्याने आणखी एक काकडी उचलली. "मला तर अशीच आवडते," तो मोठ्याने म्हणाला. "दातांना त्रास नाही."

सासूबाईंनी पातेल्यातली सगळ्यात मोठी गुंडाळी त्याच्या ताटात वाढली. वाढताना त्या वाकल्या, तेव्हा तो त्यांच्या कानाशी पुटपुटला, "आई, पुढच्या वर्षी गालिचे गाडीत घालून मी नेतो धरणावर. तुम्ही नका त्रास घेऊ."

"धरणावर कशाला?" सासूबाई डोक्यावरचा रुमाल पदरासारखा सावरत तितक्याच हळू म्हणाल्या. "घरचा एवढा चांगला स्विमिंग पूल असताना? तुम्ही फक्त तुरटी जास्तीची आणून ठेवा."