सत्तारचाचांचं वळण

सज्जन असूनही सरळ रस्त्यानं न जाणारा एकच माणूस मला माहीत आहे, आमचे शेजारी सत्तारचाचा. समोरच्या मशिदीत जायचं, तरी ओढ्याला वळसा घालून जातील. चाचा बांगड्या विकतात. हदगावच्या बाजारापासून आमच्या गावापर्यंत निम्म्या बायकांचे हात त्यांनीच भरलेत. त्यामुळे सगळं जगच गोल असावं, असं त्यांना वाटत असावं.

"वळण पाहिजे बाबा," हे त्यांचं पालुपद. पोरगं उलट बोललं की हेच, आणि मी थापलेली भाकरी चौकोनी निघाली तेव्हाही हेच.

दुपारी ओढ्याच्या वळणावर, जिथं कडेचा रस्ताही ओढ्याबरोबर वळतो, तिथं पेटी ठेवून, पाय डोहात सोडून ते बसतात. मासे तळव्यांना हुळहुळवतात. उंबराची सावली पाण्यावर डुलते आणि बांगड्यांचे हिरवे-लाल कवडसे त्यांच्या दाढीवर फिरतात. तिथं बसलं की मलाही चुलीवरचं दूध आठवत नाही.

यंदा गावानं ओढा सरळ आणि खोल करायचं ठरवलं. मशीन आलं, आणि चाचा पेटीसकट वळणावर ठाण मांडून बसले. मशीनवाला वैतागला. चाचांनी त्याच्या हातात एक बांगडी दिली.

"ही सरळ करून दाव."

"फुटंल की, चाचा."

"हाव. मग वढ्याचं काय करून राहिला? सरळ पाणी थांबत न्हाई. डोह गेला की मासे गेले, उन्हाळ्यात हिरी बी गेल्या."

मशीनवाला बांगडीकडं बघत राहिला. मग डिझेल संपल्याचं सांगून जेवायला गेला. संध्याकाळी सरपंचबाई आल्या आणि वळण तेवढं सोडा म्हणाल्या. त्यांचेही हात चाचांनीच भरलेले.

"वाचले बाई तुमचे मासे," मी चिडवलं.

चाचा हसले नाहीत. सलमा, त्यांची एकुलती लेक, तेलंगणात दिलेली. सासरच्या रगाड्यातून तिला माहेरी येणं होत नाही.

"मासे बी खरे, हिरी बी खऱ्या," ते हळूच म्हणाले. "पण सलमा सासरी निघाली तवा तिची जीप ह्याच वळणावर हळू झाली. पोरीनं मागं वळून बघितलं. तेवढंच माझ्यापाशी हाय."

डोहात पाणी एक गिरकी घेऊन पुढं सरकत होतं.

"हे पाणी पैनगंगेतून तिच्याच मुलखात जातं," चाचा म्हणाले. "जाताना त्यालाबी मागं बघू दे की."